गाणाऱ्यांचं वर्ष : एका गोंधळी वडिलांच्या वहीतून शिकलेलं

25 जानेवारीला दुपारी आमच्या गायन गटातल्या चौथीच्या एका मुलाचा आवाज बसला.

सलग चार दिवस सराव चालू होता. परिपाठ झाला की एक तास आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा एक तास. प्रजासत्ताक दिनाला पाहुणे येणार होते आणि तीन गाणी बसवायची होती. ही तिन्ही गाणी मुलांनी पहिल्यांदा ऐकली ती 22 तारखेला. हा मुलगा गटाचा मुख्य आवाज. बाकीची मुलं त्याच्या मागे म्हणायची, म्हणून प्रत्येक वेळी त्यालाच पुढे उभं करायचे. चौथ्या दिवशी वरच्या ओळीला त्याचा आवाज फाटला आणि मग घशातून नुसता वारा यायला लागला. कोमट पाणी झालं, मध-सुंठ झाली, काही उपयोग झाला नाही. 26 तारखेला तो रांगेत उभा राहिला आणि फक्त ओठ हलवत राहिला. पाहुण्यांच्या काही लक्षात आलं नाही. त्यांनी भाषणात मुलांचं कौतुकही केलं.

चूक कुणाची? सराव घेणारी मी. त्यामुळे चूक माझीच. चारठाण्याच्या परिसरात प्राथमिक शिक्षिका म्हणून काम करताना अशी ऐनवेळची धावपळ मी दरवर्षी केली आहे, आणि 'उपक्रम उत्साहात संपन्न' असं लिहून मोकळीही झाले आहे. पण त्या वेळी दोन दिवसांनी मुलाचे वडील शाळेत आले. ते गोंधळी आहेत. आमच्या जिंतूर तालुक्यात आणि शेजारच्या तालुक्यांत त्यांचं पथक लग्नानंतरचे गोंधळ, जागरण, नवरात्रातले कार्यक्रम करतं. मला वाटलं, भांडायला आले. त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, "मॅडम, पोराचा गळा कशानं बसला? आमच्याकडं रातीचं गातंय, पण असा गळा कधी बसला न्हाई."

मलाही राग आला. मी हजेरीपट काढून दाखवला. मार्गशीर्षात मुलगा सहा दिवस गैरहजर होता. "तुम्ही त्याला रात्री गोंधळाला नेता, मग गळ्याचं मला कसं विचारता?" असं मी बोलून गेले. त्यांनी पिशवीतून एक वही काढली आणि टेबलावर ठेवली. त्या वहीवर पुढे आम्ही जवळजवळ तासभर बोललो. हा लेख त्या बोलण्यातून आला आहे.

वहीत काय होतं?

वही साधी, दोनशे पानी. डावीकडे तिथी, उजवीकडे इंग्रजी तारीख. पुढे गावाचं नाव, घर, ठरलेली सुपारी, किती जणांनी जायचं, गाडी कुणाची. बऱ्याच तारखांवर मात्र लाल शाईची फुली. मी विचारलं, "या रद्द झालेल्या का?"

ते म्हणाले, "रद्द न्हाई. ह्या आधीच सोडलेल्या. भरलेलं तर ध्यानात राहतंच की मॅडम. वही लागती ती न्हाई म्हणायला."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आपण शाळेत जे वार्षिक नियोजन करतो त्यात रिकामा रकाना दिसला की तो भरायचा असतो. या माणसाच्या नियोजनात रिकामा रकाना आधी ठरवून ठेवलेला होता.

त्यांचे नियम त्यांनी सांगितले ते असे. सलग तीन रात्री झाल्या की चौथी रात्र कुणी कितीही पैसे देऊ केले तरी घ्यायची नाही. पथक चार-पाच जणांचं असतं. नाईक मुख्य गाणारा, बाकीचे संबळ, तुणतुणं, झांज सांभाळत मागून ओळ उचलणारे. पण घरात सहावा माणूस तयार ठेवायचा, म्हणजे एकाचा घसा धरला तर सुपारी मोडत नाही. मुलगा फक्त सुरुवातीला गातो. चौक मांडला, दिवटी पेटली, देवदेवतांना आवतन देणारी गाणी झाली की तो आईजवळ जाऊन झोपतो. पुढचं आख्यान रात्रभर ओढायचं ते नाईकानं. आणि लहान आवाजाला नाईकाच्या वरच्या पट्टीत कधी ओढायचं नाही. त्याची ओळ त्याला झेपेल तिथूनच सुरू करायची.

वर्षाची आखणी पंचांगावर. तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई उघडते. पौषात काम ढिलं पडतं. माघ-फाल्गुनात पुन्हा वाढतं, आणि चैत्र ते ज्येष्ठ सगळ्यात जास्त. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नं थांबतात. तो काळ त्यांच्यासाठी बेकारीचा असतो, पण रिकामा नसतो. संबळाचं कातडं बदलायचं, झगे शिवायचे, कवड्यांच्या माळा ओवून घ्यायच्या आणि एखादं नवं आख्यान बसवायचं. अश्विनात घट बसले की नऊ दिवस श्वास घ्यायला फुरसत नाही, म्हणून नवरात्राच्या आधीचा पंधरवडा ते गळा जपतात. अधिक महिना आला की सगळ्या तारखा पुढे सरकतात, त्याचाही हिशोब वहीत दोन वर्षं आधीच धरलेला असतो.

परभणी जिल्ह्याला गोंधळ नवा नाही. गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेलेले राजारामभाऊ कदम याच परभणीचे. आपण मुलांना 'लोककला' या धड्यात संबळाचं चित्र दाखवतो आणि त्याच वर्गात बसलेल्या गोंधळ्याच्या मुलाला गैरहजेरीचा शेरा देतो. मी तेच करत होते.

सप्ताहाची पत्रिका वाचून बघा

गोंधळी कुटुंबाचा हा पोटापाण्याचा व्यवसाय, त्यामुळे ते काटेकोर असणारच, असं कुणी म्हणेल. म्हणून दुसरं उदाहरण घेते. ते तर आपल्या प्रत्येक गावात आहे : अखंड हरिनाम सप्ताह.

सप्ताहाची पत्रिका आपण देवाच्या नावाने कपाळाला लावतो आणि घडी करून ठेवतो. एकदा शिक्षकाच्या नजरेने वाचा. पहाटे काकडा, मग विष्णुसहस्रनाम, सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथा भजन, चारच्या सुमारास प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. सात दिवस सकाळ-संध्याकाळ गाणंच गाणं. तरीही सातव्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला टाळकऱ्यांचे आवाज खणखणीत असतात. कसे?

कारण तेच लोक सगळं गात नाहीत. काकड्याची मंडळी वेगळी, हरिपाठाची वेगळी. पारायणाला व्यासपीठ चालक वेगळा. कीर्तनकार रोज नवे. पत्रिकेत गायनाचार्य, मृदंगाचार्य, हार्मोनियमवादक, चोपदार यांची नावं स्वतंत्र छापलेली असतात, कारण प्रत्येकाचं काम आधी ठरलेलं असतं. नामवंत कीर्तनकारांची तारीख तर आधीच्या सप्ताहातच पुढच्या वर्षासाठी घेऊन ठेवतात. नारळ-पागोटं देतानाच बोलणं होतं.

आणि वीणा. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. म्हणजे 168 तास कुणीतरी ती गळ्यात घेऊन उभं असतं. दोन-दोन तासांचा पहारा धरला तर 84 पहारे होतात. ही 84 पहाऱ्यांची यादी गावातला कुणीतरी कमी शिकलेला माणूस वहीच्या कागदावर करतो, मंदिराच्या भिंतीवर चिकटवतो आणि ती यादी पाळली जाते. रात्री दोन ते चारचा पहारा कुणाला द्यायचा, म्हाताऱ्या माणसाला कोणता द्यायचा, शेतात पाणी धरायला जाणाऱ्याला कोणता द्यायचा, सगळ्याचा विचार त्यात असतो. मी डी.एड.ला वेळापत्रक तयार करायला शिकले. पण माणसाची ताकद बघून केलेलं एवढं चांगलं वेळापत्रक मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

कीर्तनात तर ही विभागणी डोळ्यांसमोर दिसते. बुवा निरूपण करतात तेव्हा टाळकऱ्यांचा गळा विसावतो, आणि टाळकरी चाल उचलतात तेव्हा बुवांचा. दोन तास कीर्तन रंगतं ते या देवाणघेवाणीवर. एकट्याच्या जोरावर ते ओढायचं ठरवलं तर अर्ध्या तासात माणूस थकेल.

हे शास्त्र शिकवणाऱ्या शाळाही आहेत. आळंदीत जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, तिला आता शंभरहून अधिक वर्षं झाली. आपल्या मराठवाड्यातली कितीतरी मुलं आळंदीला राहून गाणं, पखवाज, कीर्तन शिकून येतात आणि सप्ताहांच्या हंगामावर घर चालवतात.

मुलांचा व्यावसायिक गट : व्हिएन्नाचं उदाहरण

तिसरं उदाहरण लांबचं आहे, पण ते आपल्यासारख्या मुलांच्या शिक्षकांसाठीच आहे. ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, मुलांचा एक गायनवृंद आहे, व्हिएन्ना बॉईज क्वायर. त्याची परंपरा 1498 सालापर्यंत मागे जाते. तेव्हा तो राजदरबाराच्या चर्चसाठी गायचा. राजेशाही गेल्यावर 1924 मध्ये तो नव्याने उभा करण्यात आला आणि स्वतःचा खर्च भागवण्यासाठी जाहीर कार्यक्रम करू लागला. आज त्यात साधारण 100 मुलं आहेत, वय 9-10 ते 14. वर्षाला सुमारे 300 कार्यक्रम होतात.

300 हा आकडा ऐकून आपल्याला वाटेल, बिचारी मुलं! पण नियोजन बघा. 100 मुलांचे चार गट केलेले आहेत. प्रत्येक गट वर्षातले साधारण 9 ते 11 आठवडे दौऱ्यावर असतो. एक गट बाहेर असतो तेव्हा दुसरे शाळेत शिकत असतात. म्हणजे 300 कार्यक्रमांचा भार एका गटावर पडत नाही. आणि मुलाचा आवाज वयात येताना फुटू लागला की त्याला या वृंदातून मोकळं करतात. त्याच्या गळ्यावर जबरदस्ती करत नाहीत. त्याची जागा घ्यायला खालची मुलं तयारच असतात.

आमच्या शाळेत 24 मुलांचा गट आणि वर्षाला पाच-सहा कार्यक्रम. तरीही आवाज बसला. व्हिएन्नाकडे पैसा आहे, मोठी इमारत आहे, सगळं खरं. पण गोंधळी वडिलांकडे यातलं काहीच नाही आणि त्यांच्याही मुलाचा आवाज बसत नाही. या दोघांमध्ये सारखी गोष्ट एकच : कोण, कधी, किती गाणार आणि कधी गाणार नाही, हे दोघांनीही आधी ठरवलेलं आहे.

माझं म्हणणं

माझं म्हणणं सरळ आहे. शाळेच्या गायन गटालाही व्यावसायिक गटासारखं वर्षाचं नियोजन हवं. 'व्यावसायिक' म्हटलं की पालक दचकतात. मुलांना पैशासाठी गायला लावायचं असा त्याचा अर्थ नाही. ज्याच्या गळ्यावर घर चालतं तो माणूस गळा जपतो, एवढाच त्याचा अर्थ. आपण मुलाचा गळा फुकट मिळालेला समजतो, म्हणून वाट्टेल तसा वापरतो. पाहुणे आले, बोलवा मुलांना. उद्घाटन आहे, स्वागतगीत बसवा. उद्या अधिकारी येणार आहेत, आज दिवसभर सराव घ्या.

आणखी एक गोष्ट कबूल करते. मी त्या मुलाला चार दिवस रोज दोन तास वर्गाबाहेर ठेवलं. त्याचा गणिताचा तास गेला, भाषेचा गेला. त्याला आम्ही 'उपक्रम' म्हटलं. त्याच्या वडिलांनी त्याला गोंधळाला नेलं, त्याला 'गैरहजेरी' म्हटलं. दोन्हीकडे तो गातच होता. फरक एवढाच की वडिलांच्या वहीत त्याच्या झोपेची वेळ लिहिलेली होती, माझ्या नियोजनात नव्हती.

याचा अर्थ मुलाने शाळा बुडवून गोंधळाला जावं असं मी म्हणत नाही. शिक्षण हा त्याचा हक्क आहे. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरली पाहिजे, आणि त्यातला प्रत्येक दिवस त्याचाही आहे. हे मी वडिलांना त्या दिवशी स्पष्ट सांगितलं. पण त्यांचं पंचांग आणि आपलं शालेय कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवून बघायचं कुणाचं काम आहे? ते काम आपलं आहे. आम्ही दोघांनी ते जूनमध्ये केलं. बऱ्याच तारखा आपोआप सुटल्या : दिवाळीची सुट्टी, उन्हाळी सुट्टी, शनिवारची रात्र. अडचण उरली ती नवरात्र आणि मार्गशीर्षातल्या काही तारखांची. नवरात्रात पहिली माळ आणि अष्टमी एवढ्याच रात्री तो जाईल असं ठरलं. मार्गशीर्षात शाळेच्या आदल्या रात्री न्यायचं नाही असं ठरलं, पण एक मोठी सुपारी आली आणि तो शब्द एकदा मोडला. त्यांनी येऊन सांगितलं. सहा दिवसांची गैरहजेरी दोनवर आली. मी याला यश म्हणते.

मग वर्ष कसं आखायचं?

आम्ही या वर्षी केलं ते लिहिते. आमच्याकडे संगीत शिक्षक नाही, पेटी नाही. मी स्वतः गाणं शिकलेली नाही. त्यामुळे हे कुणालाही जमेल असं आहे.

1. आधी फुल्या मारा. जूनच्या पहिल्या आठवड्यात कार्यक्रमांची यादी केली. मुख्य चारच ठेवले : 15 ऑगस्ट, 17 सप्टेंबर, 3 जानेवारी आणि 26 जानेवारी. 17 सप्टेंबर आपल्याकडे सोडून चालत नाही. 1948 साली याच दिवशी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. बाकी दिवसांना गायन गट नाही, परिपाठात सगळा वर्ग मिळून म्हणेल तेवढं बस.

2. घरची कॅलेंडरं विचारा. फक्त गोंधळ्यांचीच नाही. आमच्या भागातली काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. गटातली मुलं नोव्हेंबरात कमी होणार हे जूनमध्येच माहीत असतं, तरी आपण 26 जानेवारीला रडतो की आवाज कमी पडतात. म्हणून जास्त आवाज लागणारी गाणी पहिल्या सत्रात घेतली आणि दुसऱ्या सत्रासाठी कमी मुलांत शोभतील अशी. जी मुलं जाणार होती त्यांना पहिल्या सत्रात पुढची ओळ दिली. जाणारं मूल म्हणून त्याला मागे उभं करायचं नाही, उलट त्याला आधी संधी द्यायची.

3. गाण्यांची शिदोरी ठेवा. वर्षाला नवी गाणी चारच, प्रत्येक सत्रात दोन. प्रत्येक कार्यक्रमात एक नवं आणि एक जुनं. राज्यगीत आणि राष्ट्रगीत तर रोजचं आहेच. राष्ट्रगीताला 52 सेकंद लागतात. ते घाईत 45 मध्ये संपतं की रेंगाळत मिनिटावर जातं, हे घड्याळ लावून मुलांनाच मोजायला सांगितलं. लयीचा पहिला धडा तोच झाला.

4. सराव थोडा आणि नेहमी. आठवड्यातून दोनदा, 20 मिनिटं. शाळा उघडल्यापासून 15 ऑगस्टपर्यंत साधारण आठ आठवडे मिळतात. म्हणजे 16 सराव, 320 मिनिटं, सव्वापाच तासांच्या आसपास. जानेवारीत मी चार दिवसांत आठ तास घेतले होते आणि तरी गाणं कच्चं राहिलं. 'आमच्याकडे वेळ नाही' असं म्हणणाऱ्या सहकाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा. नियोजनाने वेळ वाढत नाही, कमी लागतो.

5. पट्टी मुलांची. ही चूक आपण सगळेच करतो. गुरुजी आपल्या खालच्या आवाजात गाणं सुरू करतात, मुलांना खालच्या ओळी लागत नाहीत, मग मुलं वरच्या सप्तकात उडी मारतात आणि वरच्या ओळीला ओरडतात. किंवा मोबाईलवर मूळ गाणं लावतो आणि मोठ्या गायकाच्या पट्टीत मुलांना ओढतो. साधा उपाय : आधी गाण्यातली सगळ्यात वरची ओळ मुलांकडून म्हणून घ्या. मान ताणली नाही, शिरा फुगल्या नाहीत, तर पट्टी बरोबर. ताणली तर थोडं खाली या. एकदा आम्ही मुलांना गावातल्या गोकुळेश्वर मंदिराच्या बारवेजवळ नेलं होतं. तिथे मुलांनी ओळ म्हटली तर आवाज घुमून परत आला. ओरडल्यावर शब्द एकमेकांत मिसळले, हळू म्हटल्यावर स्पष्ट आले. 'ओरडू नका' हे मी वर्षभर सांगून समजलं नव्हतं, ते तिथे पाच मिनिटांत समजलं.

6. प्रत्येक मुख्य आवाजाला जोडीदार. प्रत्येक गाण्याला पुढून म्हणणारी दोन मुलं. एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरं. यामुळे एका मुलावर भार येत नाही आणि 'स्टार' मूल तयार होत नाही. पालकांमधली कुरबुरही कमी होते.

7. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पूर्ण आवाजात गाणं नाही. उभं कसं राहायचं, आत कसं यायचं, कोणी सुरुवात करायची, एवढंच. ओळी गुणगुणायच्या. कार्यक्रमानंतर आठवडाभर सुट्टी. चातुर्मासासारखी.

शंका घेणाऱ्यांसाठी

एक शंका नेहमी येते : आधी मुलांना वाचता-लिहिता येऊ दे, गाण्याचं नंतर बघू. मला ही शंका पटते, कारण मीही चौथीच्या वर्गात अडखळत वाचणारी मुलं बघते. पण गाणं बंद केल्याने वाचन सुधारतं असं मी पाहिलेलं नाही. वाचनाचा वेळ खाल्ला तो गाण्याने नव्हे, ऐनवेळच्या सरावाने. आठवड्याच्या 40 मिनिटांना कला विषयाच्या तासिका पुरतात.

दुसरी शंका : वरून आदेश येतात, पाहुणे अचानक येतात, शाळेच्या हातात काय आहे? बरोबर आहे. शाळेबाहेरची कामं शिक्षकांच्या मागे किती लागलेली आहेत हे मी वेगळं सांगायला नको. आदेश येणारच. पण आदेशात 'स्वागत करा' असतं, 'नवीन गाणं बसवा' असं कुठेच लिहिलेलं नसतं. ते आपण आपल्या हौसेनं आणि भीतीनं वाढवतो.

तिसरी शंका एका पालकांची होती. ते म्हणाले, "आमची पोरगी गायला लागली तर पुढं काय करणार? गोंधळी होणार का?" हसत म्हणाले, पण त्यात एक बोच होती, आणि वर्गात गोंधळ्याचा मुलगा होता. मी त्यांना विचारलं, तुमच्या घरी लग्न झालं तेव्हा गोंधळ कुणी घातला? ते गप्प झाले. ज्यांच्या गाण्याशिवाय आपलं शुभकार्य पुरं होत नाही, त्यांच्यासारखं होण्याची आपल्याला भीती वाटते. हे मुलांसमोर बोलू नये, एवढं तरी आपण पाळू या.

यंदाचं वर्ष

15 ऑगस्टला दोन गाणी झाली. चुका झाल्या, पण कुणी ओरडलं नाही. दिवाळीनंतर गटातली पाच मुलं ऊसतोडीला गेली. 24 ची 19 झाली. जोडीदार होते म्हणून गाणी थांबली नाहीत. जी मुलगी पहिल्या सत्रात पुढून म्हणायची ती सध्या कुठल्यातरी फडावर आहे. तिची जागा दुसरीने घेतली आहे. त्याचं समाधान वाटावं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं नक्की की ती परत आली तर तिला येतील अशी दोन गाणी गटात राहणार आहेत, म्हणून ती दोन्ही मी शिदोरीत ठेवली आहेत.

26 जानेवारीच्या आधी चार दिवस निरोप आला की पाहुणे येणार आहेत, एखादं नवीन स्वागतगीत बसवा. मी वही उघडली. त्या चार दिवसांवर लाल शाईने आधीच फुल्या होत्या. मी फोनवर सांगितलं, "सर, नवीन बसणार नाही. मुलांना येतं ते जुनं आहे, चालेल का?"

पलीकडून लगेच उत्तर आलं, "चालेल की मॅडम."

इतकी वर्षं मला वाटत होतं की हे विचारायची सोय नाही. त्या दिवशी मुलांनी गायलं ते 17 सप्टेंबरचंच गाणं. गोंधळी वडील पालकांच्या रांगेत मागे उभे होते. त्यांच्या वहीत आता शाळेचे चार कार्यक्रम निळ्या शाईने लिहिलेले आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या आदल्या रात्रीवर फुली आहे.